मांगरातील जुनी मोटरसायकल : घरच्या घरी पुन्हा चालू कशी करावी?



गेल्या अंकात आम्ही खोडव्यातील पाचट कुजविण्याविषयी लिहिले होते. या अंकात विषय थोडा वेगळा घेत आहोत. गळीत हंगाम संपला की गट कार्यालयात निवांतपणे बोलणे होते. अशा वेळी, "साहेब, गोठ्यामागं राजदूत पडलीय. भंगारवाला किलोवर मागतोय. देऊन टाकू का?" असा प्रश्न आम्हाला एकाहून अधिक सभासदांनी विचारला. त्याचे उत्तर म्हणून हा लेख.

आम्ही मोटार मेस्त्री नव्हे. आमचे शिक्षण शेतकी पदविकेचे, आणि आयुष्य गेले बेणे, सरी आणि खताच्या मात्रा यांत. परंतु अशीच एक गाडी आम्ही स्वतः, पुष्कळ चुका करून, चालू केली आहे. त्या चुका आपल्या हातून होऊ नयेत एवढाच हेतू.

आमची नोकरी घाटावर असली तरी मूळ घर कसालचे. मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो तेच कसाल. आमचे वडील ग्रामसेवक होते. त्यांनी १९८४ साली राजदूत घेतली आणि तिच्यावरून वाडीवाडी पालथी घातली. ते गेल्यावर गाडी मांगरात उभी राहिली ती तेरा पावसाळे. कोकणातला पावसाळा म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर समुद्राकडची खारट हवा. लोखंडाचे काय होते ते सांगायला नको. तरी आईने ती विकू दिली नाही.

राजदूत ही फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी. पोलंडमधील एसएचएल या गाडीच्या आराखड्यावरून १९६० नंतरच्या दशकात ती आपल्याकडे बनू लागली. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, १७३ सीसीचे इंजिन. म्हैसूरची जावा आणि पुढे येझदी हीही टू-स्ट्रोकच. तिचा कारखाना १९९६ साली बंद झाला. या इंजिनांत व्हॉल्व्हची भानगड नसते, सुटे भाग थोडे असतात, म्हणून नवशिक्याला ती समजतात. खाली दिलेली बहुतेक माहिती या सर्वच गाड्यांना लागू पडते.

आमची पहिली चूक

रजेवर गेलो त्या पहिल्याच दिवशी आम्ही टाकीत ताजे पेट्रोल ओतले आणि किकवर उभे राहिलो. किक हलेना. मग अंगचे सारे वजन टाकले. आत 'कट्' असा आवाज झाला आणि किक मोकळी झाली. आम्हाला वाटले, जमले! पुढे मेस्त्रींनी इंजिन उघडले तेव्हा खरे कळले. दमट हवेने पिस्टनची रिंग सिलिंडरला गंजून चिकटली होती. आमच्या जोराने ती तुटली आणि तिच्या तुकड्याने सिलिंडरला खोल ओरखडा पाडला. बोअर करून मोठा पिस्टन घालावा लागला. बाकीच्या सगळ्या कामाला जेवढा खर्च आला त्याहून जास्त खर्च त्या एका लाथेचा झाला.

मेस्त्री वयस्कर. ते एवढेच म्हणाले, "गाडी खंय पळान जातली? घाई कित्याक केलात?"

सभासदांना आम्ही नेहमी सांगतो की माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नका. तोच नियम आम्ही स्वतः मोडला होता. तेव्हा आधी तपासणी, मग उपाय, आणि किक सर्वांत शेवटी.

१. पाहणी

गाडी उजेडात आणून पुसून घ्यावी. जो भाग सोडवाल त्याचा मोबाईलवर आधी फोटो काढावा. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी लावावी. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या डब्यात नीट पाहावे. आमच्या सायलेन्सरात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते आणि फिल्टरच्या जागी उंदराचा कापूस होता. अशा गाडीला कितीही किका मारल्या तरी ती श्वास घेणार कुठून?

हत्यारे फार लागत नाहीत : पान्यांचा संच, प्लगचा पाना, पकड, दोन डिसमिस, फिलर गेज, बारीक पॉलिश पेपर. गंजलेल्या नटावर तेल सोडून एक रात्र थांबावे. जोर करून बोल्ट मोडला तर तो काढण्यात आठवडा जातो.

२. इंजिन मोकळे करणे

प्लग काढावा. त्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल, त्यात थोडे डिझेल मिसळून, आत सोडावे आणि दोन-चार दिवस मुरू द्यावे. नंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने हळूहळू पुढेमागे करावे. केसभर हलले तरी पुरे. पुन्हा तेल, पुन्हा थांबणे. इंजिन हाताने सहज फिरू लागेपर्यंत किकला पाय लावू नये. आठ दिवसांतही ते हलले नाही तर मेस्त्रींकडे न्यावे, त्यात कमीपणा नाही. गिअर पेटीतले जुने तेलही याच वेळी बदलावे. ते दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे.

३. ठिणगी

प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या पंख्यांना टेकवावा, अंधाऱ्या जागी किक मारून पाहावी. ठिणगी निळसर आणि जोरकस हवी. ही तपासणी टाकीत पेट्रोल घालण्याआधीच करावी, कारण उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ आली तर भडका उडतो.

ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग लावावा. त्याची फट साधारण ०.५ ते ०.६ मिलिमीटर असते. तरीही नसेल तर पॉइंट पाहावेत. उभ्या गाडीच्या पॉइंटवर पांढरट थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने तो काढून स्वच्छ कोरड्या कागदाने पुसावे. पॉइंटची फट बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या दरम्यान असते. आपल्या गाडीची पुस्तिका मिळाल्यास त्यातलाच आकडा धरावा. बऱ्याच वेळा दोष एवढाच निघतो. आमच्याकडे वायरही उंदराने कुरतडली होती.

४. टाकी आणि कार्बोरेटर

जुने पेट्रोल ओळखायला सोपे. रंग काळपट तांबूस, वास आंबूस. ते पूर्ण काढून टाकावे. टाकीत गंज असेल तर व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवावे, मूठभर नट टाकून टाकी हलवावी. नट मोजून टाकावेत आणि मोजून काढावेत. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी आणि लगेच आतून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर उद्या पुन्हा गंज. रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावू नये, जवळ विडी-काडी नको. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक धोक्याची असते.

कार्बोरेटर सोडवून जेटची बारीक भोके फुंकून किंवा हवेच्या पंपाने साफ करावीत. तार घालू नये. भोक केसभर मोठे झाले तरी पेट्रोलचे प्रमाण बिघडते.

५. आपलेच इथेनॉल

आता जो मुद्दा सांगतो तो आपल्या जिव्हाळ्याचा. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रकल्प झाले, त्यांतील दोन महाराष्ट्रातच, मिरज आणि मनमाड येथे झाले. २०२२ मध्ये देशात मिश्रण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. एक टन उसाच्या शेवटच्या मळीतून साधारण १० लिटर इथेनॉल निघते, म्हणजे ते सुमारे ५० लिटर पेट्रोलला पुरते. ऊस उत्पादकाच्या दृष्टीने ही गोष्ट चांगलीच आहे.

परंतु १९८४ ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसते, पेट्रोल वर राहते आणि टाकीचा तळ गंजतो. जुन्या रबरी नळ्या, वायसर आणि बुचाचे पॅकिंग त्याने फुगतात, चिघळतात. शिवाय इथेनॉलमध्ये शक्ती पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश. त्यामुळे जुन्या जेटमधून मिश्रण पातळ पडते आणि टू-स्ट्रोक इंजिन जास्त तापते.

उपाय अवघड नाहीत. नळ्या आणि पॅकिंग इथेनॉलला टिकणारे नवे घालावे. इंजिन फार तापत असेल, प्लगचे टोक पांढरे पडत असेल, तर मेस्त्रींना विचारून मुख्य जेट एक नंबर मोठा लावावा. आणि सर्वांत महत्त्वाचे : महिनाभर गाडी चालणार नसेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत. फवारणीच्या पंपाचेही तसेच. हंगाम संपल्यावर तो पेट्रोलसकट कोपऱ्यात ठेवतात आणि पुढच्या वर्षी "पंप सुरूच होईना" म्हणतात.

६. तेलाचे प्रमाण

या गाड्यांत इंजिनच्या आतल्या बेअरिंगला पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पोचते. नुसते पेट्रोल घालून चालवली तर पिस्टन जाम होतो. पुस्तिका नसेल तर एका लिटरला सुमारे ४० मिलिलिटर टू-टी ऑइल हे प्रमाण धरून चालण्यास हरकत नाही. अंदाजाने ओतू नये, माप वापरावे. तेल आधी डब्यात पेट्रोलशी मिसळून मग टाकीत घालावे.

७. पहिली सुरुवात

गाडी मांगरात चालू करू नये, उघड्यावर करावी. धुराने जीव घुसमटतो, आणि न दिसणारा विषारी वायूही त्यात असतो. कधी कधी इंजिनात कुठून तरी जादा हवा शिरते आणि ते आपोआप भरधाव फिरू लागते. अशा वेळी घाबरू नये. कॉक बंद करावा आणि जाड फडक्याने कार्बोरेटरचे हवेचे तोंड दाबावे. फडके आधीच हाताशी ठेवावे.

८. ब्रेक आधी, रस्ता नंतर

आमची गाडी गणपतीच्या आदल्या आठवड्यात, नवव्या किकेला चालू झाली. पांढऱ्या धुराचा लोट उठला. आई पडवीत आली आणि खांबाला धरून ऐकत उभी राहिली. शेजारची मुले ओरडू लागली, "काका, मालवणच्या रस्त्यार एक फेरी मारा!" आम्हालाही तोच मोह झाला. पण ब्रेक अजून उघडलेले नव्हते. एकदा घाईची किंमत मोजली होती. आम्ही इंजिन बंद केले.

दुसऱ्या दिवशी मागचे चाक उघडले, तर ब्रेकचे लायनर शूपासून सुटून ड्रममध्ये अडकण्याच्या बेतात होते. उतारावर चाक जाम झाले असते किंवा ब्रेक लागलाच नसता. इंजिन बिघडले तर गाडी थांबते, ब्रेक बिघडला तर थांबत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे. ब्रेक व क्लचच्या वायरी नव्या घालाव्यात. टायरवर दोन हजार सालापासून चार आकडी खूण असते : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसली तरी पंधरा-वीस वर्षांचा टायर आतून मेलेला असतो. तो बदलावाच.

९. कागदपत्रे

नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. त्यानंतर नमुना २५ भरून, गाडी तपासून घेऊन, पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी वेगळे. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना ३१ लागतो. खर्चात पडण्याआधी चासी नंबर कागदाशी ताडून पाहावा व कार्यालयात चौकशी करावी. कागदच नसतील तर गाडी चालू होऊनही ती अंगणातच राहील.

भंगारात द्यावी की ठेवावी?

फ्रेम सडली असेल, कागद नसतील आणि घरात कोणाला आवड नसेल तर खुशाल द्यावी. पण इंजिन हाताने फिरत असेल आणि कागद असतील, तर एकदा करून पाहावे. पैशाचा हिशेब केला तर फार फायदा निघत नाही हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. फायदा निघतो तो शिकण्यात. आता फवारणीचा पंप बंद पडला तर प्लग, पेट्रोल आणि हवा या तीन गोष्टी आम्ही स्वतः पाहतो. ऐन फवारणीच्या दिवसांत दोन दिवस वाचले तरी उसाला ते पुरेसे आहेत. घरातल्या तरुण मुलाला सोबत घेऊन हे काम करावे. मोबाईल खाली ठेवून तोही पाना हातात धरील.

आमची राजदूत आता कसालहून मालवणपर्यंत जाऊन येते. परत आलो की टाकी रिकामी करतो आणि मगच घाट चढून कामावर येतो.

कोणास काही शंका असल्यास गट कार्यालयात चिटबॉयकडे चिठ्ठी द्यावी, जमेल तेवढे सांगू. पुढील अंकी आडसाली लागणीसाठी बेणे निवड.

आपला,
ऊस विकास अधिकारी