नाव बदला, पाकिटाचा रंग नको

चालत्या धंद्याचं नाव बदलू नये असं सगळे सांगत होते. तरी आम्ही बदललं, कारण गत्यंतर नव्हतं. डोंबिवलीत सासूबाईंनी सुरू केलेला मसाल्यांचा घरगुती उद्योग ‘घरची चव’ या नावाने वर्षानुवर्षं चालला. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, उन्हाळ्यात कैरीचं लोणचं. पुढे दुसऱ्या जिल्ह्यात कोणीतरी त्याच नावाने पापड विकायला काढले आणि त्या पापडांना बुरशी लागली की तक्रारीचे फोन आम्हाला यायला लागले. वकिलांनी सांगितलं, नुसतं मालाचं वर्णन करणारं नाव ट्रेडमार्क म्हणून सहसा नोंदवून मिळत नाही. जुना वापर सिद्ध करून भांडता येतं, पण त्याला पुरावा लागतो. सासूबाईंचा सगळा हिशेब दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला! बिलबुक असं कधी नव्हतंच.

जुनी बिलं, जाहिरातीची कात्रणं, प्रदर्शनातल्या स्टॉलच्या पावत्या रद्दीत घालू नका, हे म्हणूनच आधी सांगते. पुण्यातल्या ‘बर्गर किंग’ नावाच्या जुन्या खाद्यगृहावर त्याच नावाच्या परदेशी कंपनीने 2011 साली दावा लावला. पुण्याच्या कोर्टाने तो 2024 मध्ये फेटाळला, कारण कंपनी भारतात येण्याच्या कितीतरी आधीपासून हे खाद्यगृह ते नाव वापरत होतं. त्यानंतरही प्रकरण वरच्या कोर्टात गेलंच. एवढा दम घरगुती उद्योगात कुठून आणायचा? आम्ही नवं नाव घेतलं, ‘सोनकी’. पावसाळा सरता सरता सह्याद्रीच्या पठारांवर फुलणारं पिवळं रानफूल. मसाल्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि नोंदणीच्या दृष्टीने तेच बरं.

खरी फजिती नावाने झाली नाही, पाकिटाने झाली. आमचं जुनं लेबल म्हणजे भडक पिवळ्या कागदावर लाल अक्षरं, कडेला सासूबाईंना आवडणारी वेलबुट्टी. डिझायनर म्हणाला, नाव नवं तर रूपही नवं हवं. त्याने मातकट रंगाचं, बारीक अक्षरांचं, मधे भरपूर जागा सोडलेलं लेबल केलं. दिसायला सुरेख होतं, हे मान्य करायलाच हवं. दादरच्या आमच्या दुकानदाराने ते फळीवर लावलं आणि दोन आठवड्यांनी फोन केला, “वहिनी, माल हलत नाहीये. लोक पिवळं पाकीट मागतात. नाव कोणाला आठवतंय?” नेहमीच्या एका आजींनी तर थेट विचारलं, “अगं, उद्योग विकलात की काय?” भाव पैशाने वाढवला नव्हता, तरी ‘आता महाग झालं वाटतं’ म्हणून गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन परत ठेवायचं. आणखी काही जणींना मसाल्यात दगडफूल कमी पडल्याचं जाणवायला लागलं. मसाला तोच, भाजणारे हातही तेच. लेबल बदललं की जिभेलाही संशय येतो.

दुसऱ्या छपाईला आम्ही पिवळा आणि लाल परत आणले, वेलबुट्टीसकट. ‘सोनकी’ मोठ्या अक्षरात आणि त्याखाली ठसठशीत, ‘पूर्वीचे घरची चव’. दुकानदाराची कुरकुर थांबली. माझं स्पष्ट मत आहे की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाव बदलताय ना, मग रंग, वजन, भाव आणि कृती यांना हात लावू नका.

आता कागदपत्रं. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. उच्चाराने मिळतीजुळती नावंही बघा, इंग्रजी स्पेलिंग बदलून बघा. मसाले आणि भाजणी वर्ग 30 मध्ये येतात, लोणचं मात्र 29 मध्ये. म्हणजे अर्ज दोन वर्गांत आणि फीही दुप्पट. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लावता येतं. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी हातात आल्याशिवाय छापू नका, तो गुन्हा आहे. अर्ज जर्नलमध्ये छापून आला की कोणालाही आक्षेप घ्यायला चार महिने असतात, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. फर्मचं नावही बदलणार असाल तर अन्न परवाना, जीएसटी, उद्यम नोंदणी आणि बँकेचं चालू खातं या सगळीकडे ते एकसारखं लागतं. जीएसटीत बदल पंधरा दिवसांत कळवायचा असतो. बँकेला आम्ही वेळेवर कळवलं, तरी बरेच दिवस क्यूआर कोड स्कॅन केला की जुनंच नाव यायचं आणि प्रदर्शनात गिऱ्हाईक फोन हातात धरून विचारायचं, “ताई, पैसे नक्की तुम्हालाच जातायत ना?”

गूगलवर नवी नोंद उघडू नका, जुन्याच नोंदीत नाव बदला, म्हणजे लोकांनी लिहिलेले अभिप्राय टिकतात. जुनं इन्स्टाग्राम खातंही सोडू नका, नाहीतर दुसरा कोणी त्या नावाने बसेल.

छापील पाऊच इतक्यात करू नका. त्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर करावा लागतो, आणि छापणारा हजारोंच्या खाली ऑर्डर घेत नाही. पहिलं वर्ष साधा पाऊच आणि वर स्टिकर, एवढ्यावर भागतं. परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, वजन, किंमत, महिना, पत्ता हे सगळं त्या स्टिकरवर बसवून आधी एक नमुना घरच्या प्रिंटरवर काढा आणि चष्मा न लावता वाचून बघा.

राहिली वेळ. दिवाळीच्या तोंडावर हे काढू नका, तेव्हा भाजणीच्या मागणीने श्वास घ्यायला फुरसत नसते. मिरच्या वाळत पडल्यावर, चैत्र-वैशाखात तर मुळीच नको. पौष-माघात धंदा थंड असतो, तेव्हा करा. आणि त्याआधी महिनाभर जुन्या पाकिटात एक चिठ्ठी टाका की नाव बदलतंय, आम्ही तेच आहोत. आमच्याकडून ही चिठ्ठी गेली ती नवं लेबल दुकानात पोचल्यानंतर. तुम्ही ती आधी टाका.