बोडकी

चाई म्हणजे केसांना लागलेली कीड, असा आपल्याकडील समज. वस्तुतः शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते व चट्ट्याचट्ट्याने केस गळतात. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि मुळे सहसा जिवंत राहत असल्याने केस पुन्हा उगवूही शकतात. माझे गेल्या वर्षी सर्वच गेले. डोंबिवली लोकलमध्ये ओढणी घसरली की शेजारणी सरकून बसतात, त्याचे मला फारसे वाटत नाही. (गर्दीत तेवढीच जागा!) परंतु कल्याणला चुलतबहिणीच्या लग्नात मी करवली व्हायचे ठरले, तेव्हा घरातल्या एका आजीने बजावले, "मुहूर्तावर बोडकी नको." बोडकी म्हणजे केशवपन केलेली विधवा. आजार माझा, अपशकुन मात्र त्या रूढीचा! ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावण्याचे नाकारले. ज्यांचे पोट त्या कामावर चाले त्यांनीच ते सोडले, हे मला त्यात मोठे वाटते. आजीला मी हे सर्व सांगितले. ती काही बोलली नाही. बहिणीने कऱ्हा माझ्याच हाती दिला.