मुलाचं ताट आणि घरच्यांचा आग्रह



या वेळच्या अभ्यासलेखाचा विषय अगदी घरातला आहे: मूल नीट जेवत नाही. वाटी घेऊन मागे धावणारी आई, मोबाइलवर गाणं लावून घास सारणारी आजी, आणि "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" म्हणणारे आजोबा, हे चित्र इंदूरच्या वाड्यात आहे तसंच बडोद्याच्या फ्लॅटमध्येही आहे. यात मूल रडतं, मोठे थकतात आणि दोष बहुतेक वेळा आईच्या माथी येतो. म्हणून हा पाठ एकट्या आईने वाचायचा नाही. घरात जो जो मुलाला भरवतो त्या सगळ्यांनी मिळून वाचावा.

*1. भूक कमी झाली की वाढ मंदावली?*

आधी एक हिशेब पाहू. जन्मताना तीन किलोचं असलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण नऊ किलोचं होतं, म्हणजे वजन तिप्पट. दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोने वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. हा निसर्गाचा हिशेब आहे, पण आपल्याला वाटतं, "काल वाटीभर खात होता, आज दोन घासांत तोंड फिरवतो, नक्की काहीतरी बिघडलं."

त्यातच साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात मुलांना नव्या पदार्थाची भीती वाटते. पूर्वी आवडीने खाल्लेली दुधीची भाजीसुद्धा अचानक नकोशी होते. मूल चालायला लागलं की हाताला येईल ते तोंडात घालू शकतं. अशा वेळी अनोळखी वस्तूबद्दल सावध असणं हे त्याचं रक्षणच असावं, असं अभ्यासक मानतात. तेव्हा या वयातला नकार म्हणजे हट्ट किंवा वाईट वळण नव्हे.

आपण ताटात किती वाढतो तेही पाहावं. सुरुवातीला वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा, या मापाने प्रत्येक पदार्थ वाढावा. तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे भात, थोडं वरण, थोडी भाजी. हवं असेल तर ते पुन्हा मागेल. मोठ्यांचं भरलेलं ताट समोर आलं की लहान मूल आधीच हरतं.

*2. आग्रहाने काय होतं?*

आपल्याकडे आग्रह म्हणजे माया. पंगतीत "आणखी एक जिलबी घ्याच" असं म्हटल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही. पण पाहुण्याला निदान ताटावर हात आडवा धरता येतो. लहान मुलाचा आडवा हात म्हणजे त्याचं मिटलेलं तोंड आणि वळवलेली मान. पाहुण्याचा हात आपण मानतो. मुलाचं मिटलेलं तोंड मात्र चमच्याने उघडायला बघतो.

अमेरिकेत बालवाडीच्या वयाच्या मुलांवर झालेला एक अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना दोन प्रकारची सूप दिली. एका सुपाच्या वेळी "संपव, संपव" असा लकडा लावला, दुसऱ्याच्या वेळी काहीच म्हटलं नाही. ज्या सुपाबद्दल कोणी काही बोललं नाही ते मुलं जास्त प्यायली आणि त्याबद्दल कुरकुरही कमी केली. लालूच दाखवण्याचंही तसंच. 1980 च्या दशकात लिअन बर्च या संशोधिकेने दाखवून दिलं, की "हे पी, मग बक्षीस देते" अशा अटीवर दिलेलं पेय मुलांना नंतर आधीपेक्षा कमी आवडू लागलं. "भाजी संपव, मग चॉकलेट" या वाक्यातून मूल एवढंच शिकतं, की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट ही सुटका.

मोबाइल दाखवून भरवलं की घास पोटात जातात, हे खरं. पण मुलाचं लक्ष पडद्यावर असतं. भूक लागली, पोट भरलं, या आतल्या खुणा त्याला कळत नाहीत. पुढे आयुष्यभर त्याला याच खुणांवर जेवायचं आहे.

मग मुलाच्या भुकेवर विश्वास ठेवायचा का? क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ महिलेने याचा फार जुना प्रयोग केला होता. अंगावरचं दूध नुकतंच सुटलेल्या 15 मुलांसमोर साधे, ताजे पदार्थ मांडले जात. सांभाळणाऱ्या परिचारिकांनी काही सुचवायचं नाही, भरीस घालायचं नाही. एखादं मूल एका दिवशी अंडीच खाई, दुसऱ्या दिवशी फळंच. पण एकंदरीत सगळी मुलं छान वाढली. याचा अहवाल 1939 मध्ये आला. त्यातली मेख लक्षात घ्या. समोरच्या पदार्थांत साखर नव्हती, बिस्किटं नव्हती, पाकिटातलं काही नव्हतं. निवड मुलाची होती, पण काय मांडायचं ते मोठ्यांनीच ठरवलं होतं.

*3. कामाची वाटणी*

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात हीच गोष्ट सोप्या वाटणीत मांडली. लहान मुलांच्या आहाराबद्दल बोलताना आजही अनेक तज्ज्ञ ती वापरतात.

मोठ्यांचं काम: काय द्यायचं, केव्हा द्यायचं आणि कुठे बसून जेवायचं हे ठरवणं.
मुलाचं काम: त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं हे ठरवणं.

भांडण होतं ते आपण मुलाच्या कामात हात घालतो म्हणून. आणि आपलं काम आपण मुलावर सोडून देतो म्हणूनही. "काय खाशील राजा?" असं तीन वर्षांच्या मुलाला विचारलं तर ते बिस्किटच म्हणणार. ही वाटणी घरात आणायची तर पुढच्या गोष्टी सांभाळाव्यात.

• दिवसात तीन जेवणं आणि दोन वेळा मधलं खाणं, साधारण अडीच-तीन तासांच्या अंतराने. मधल्या वेळेत फक्त पाणी. सारखं चरत राहणाऱ्या मुलाला भूक लागणार कशी?
• वर्षानंतर दूध दिवसाला 400-500 मिलीपेक्षा जास्त नको. "जेवला नाही, निदान दूध तरी पिऊ दे" हे आपल्या घरांतलं नेहमीचं वाक्य. पण दुधाने पोट भरतं, जेवण मागे पडतं, आणि दुधात लोह फार थोडं असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या 67 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाने भूक आणखी मरते, मग पुन्हा दूध. हे चक्र तोडायला हवं.
• ताटात एक तरी पदार्थ मुलाच्या ओळखीचा ठेवावा. साधा भात, पोळी किंवा दही चालेल. बाकीचं सगळ्यांसाठी जे केलं तेच. त्याच्यासाठी वेगळे नूडल्स करायचे नाहीत.
• जेवण 20 ते 30 मिनिटांत आटपावं. नाही खाल्लं तर न रागावता ताट उचलावं. पुढचं खाणं ठरल्या वेळी मिळेलच.
• मुलाला एकट्याला भरवून मोकळं होण्याऐवजी दिवसातून एकदा तरी पंगतीला सोबत बसवावं. मूल पाहून शिकतं. बाबा कारलं बाजूला सारत असतील तर मुलाला उपदेश करून उपयोग नाही.

*4. अनोळखी पदार्थाशी ओळख*

एखादा पदार्थ दोनदा नाकारला की आपण "त्याला आवडतच नाही" असा शिक्का मारतो. अनुभव असा, की नवा पदार्थ आपला वाटायला आठ ते पंधरा वेळा त्याची गाठ पडावी लागते. गाठ म्हणजे गिळणं नव्हे. पाहणं, हात लावणं, वास घेणं, जिभेला लावून परत काढून ठेवणं, हे सगळं ओळखीतच धरायचं. मटार सोलायला, मेथी निवडायला, कणकेची छोटी गोळी लाटायला मुलाला जवळ बसवावं. स्वतः लाटलेली वाकडीतिकडी पोळी मूल सहसा चाखून बघतंच.

दुसरी युक्ती म्हणजे आवडीच्या पदार्थापासून नव्यापर्यंत छोट्या पायऱ्या करणं. आपण ज्या गावात राहतो तिथलंच खाणं यासाठी कामाला येतं. बडोद्याचं मूल खाखरा खातं? मग कडक भाजलेली पातळ पोळी, मग थोडी मऊ, मग नेहमीची. गोव्यात पेज आवडते? मग दाट पेज, मग मऊ भात, मग त्यावर चमचाभर आमटी. हैदराबादेत शेजाऱ्यांकडचं पेसरट्टू आवडलं असेल तर घरचं मुगाचं धिरडं फार लांब नाही. इंदूरला पोह्यांतली शेवच वेचून खाणाऱ्या मुलाच्या शेवेखाली आधी चमचाभरच पोहे ठेवा. एका वेळी एकच बदल करावा, आणि मुलाला फसवून, लपवून काही घालू नये. एकदा पकडलं गेलं की आवडीच्या पदार्थावरचाही विश्वास उडतो.

तान्ह्या बाळांच्या घरांसाठी: सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं खाणं सुरू करावं, पण सगळं मिक्सरमधून काढून पातळ देत राहू नये. नऊ महिन्यांपर्यंत कुस्करलेलं, कणीदार अन्न तोंडात यायला हवं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सांगतो, की ज्यांना असं अन्न नऊ-दहा महिन्यांनंतर उशिरा मिळालं त्यांना पुढे भरवणं जास्त अवघड गेलं. जीभ आणि जबडाही सरावानेच शिकतात. मात्र अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहान मुलांना देऊ नयेत, ती घशात अडकतात. आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये, बोटभरसुद्धा नाही.

*5. नखरा की खरी अडचण?*

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. काही मुलं खात नाहीत कारण त्यांना खाणं खरोखर जड जातं. घशात आंबट वर येतं, टॉन्सिल सुजलेल्या असतात, जुनाट बद्धकोष्ठ असतो, चावणं-गिळणं नीट जमत नाही. स्वमग्न मुलांना काही स्पर्श आणि वास सहनच होत नाहीत. 2013 पासून वैद्यकशास्त्राने अन्न टाळण्याच्या एका तीव्र प्रकाराला स्वतंत्र विकार म्हणून नोंदवलं आहे. त्यात बारीक होण्याची इच्छा नसते. अन्नाची भीती, किळस किंवा अनास्था असते. अशा मुलाला "लाडावलंय" म्हणून जबरदस्ती करणं म्हणजे दुखऱ्या पायाने पळायला लावण्यासारखं आहे.

पुढीलपैकी काही दिसलं तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं:

• वजन वाढत नाही किंवा घटतंय. माता-बाल संरक्षण कार्डावरची वाढीची रेघ खाली वळलीय.
• खाता-पिताना वारंवार खोकला, ठसका, घुरघुर, किंवा सारखी छातीची दुखणी.
• वर्ष उलटलं तरी फक्त पातळच गिळतं, कणी आली की उलटी.
• खाण्यातले पदार्थ मोजून वीसहून कमी, आणि त्यातलेही एकेक सुटत चाललेत.
• ताट पाहूनच रडणं, घाबरणं. रोजचं जेवण तासभर चालणं.

नाक दाबून, आडवं धरून बोंडल्याने किंवा चमच्याने ओतणं कोणत्याही मुलाच्या बाबतीत करू नये. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

मदत कुठे मिळते? बालरोगतज्ज्ञांनी तपासल्यावर आहारतज्ज्ञ, गिळण्याचं काम पाहणारे वाचा-उपचारतज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ यांची गरज पडू शकते. खासगी उपचार परवडत नसतील तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या या सरकारी योजनेत जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. आपल्या अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

*6. घरातली बोलणी*

आजी-आजोबांचा आग्रह मायेपोटीच असतो. त्यांनी टंचाईचे दिवस पाहिलेले असतात, ताटात टाकलेलं अन्न त्यांना टोचतं. म्हणून सुनेने एकटीने वाद घालण्यापेक्षा मुलाच्या बाबांनी आपल्या आईवडिलांशी बोलावं. "आई, आठ दिवस असं करून बघू, तुम्ही त्याला गोष्ट सांगा, घास त्याचा त्याला घेऊ दे." काऊ-चिऊच्या घासांची गंमत राहू द्यावी, पण मुलाने मान वळवली की काऊनेही उडून जावं. आणि आपल्या कार्यक्रमांत भेटल्यावर मुलादेखत "किती वाळलाय ग!" हे कोणीच म्हणू नये. ते वाक्य आई घरी घेऊन जाते आणि रात्रीच्या जेवणाला ते मुलाच्या ताटात पडतं. प्रसाद वाढणाऱ्या सेवेकऱ्यांनीही मुलांना आधी विचारून कणभरच वाढावं.

*या आठवड्याचा स्वाध्याय*

1. सात दिवस एका वहीत लिहा: काय दिलं, किती वाजता, दूध किती, जेवण किती मिनिटं चाललं. घास मोजू नका. डॉक्टरांकडे जावं लागलं तर हीच वही उपयोगी पडेल.
2. दिवसातलं एक जेवण मोबाइलशिवाय, सगळ्यांनी एकत्र बसून करा.
3. एक नावडता पदार्थ निवडा. रोज एक चमचा ताटाच्या कडेला वाढा. त्याबद्दल एक अक्षरही बोलू नका.
4. घरात चर्चा करा: आपल्याकडे मुलाचं काम कोण हिसकावून घेतं, आणि आपलं काम कोण मुलावर टाकतं?

पहिले दोन-तीन दिवस मूल कमी खाईल, आपला जीव वरखाली होईल. निरोगी मुलाच्या बाबतीत तेवढा धीर धरावा. वरच्या यादीतली एखादी खूण दिसत असेल तर मात्र स्वाध्याय बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. हा लेख आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती.