टू-टू-थ्रीच घे, पण आधी माळ बघ

अगं, काल फोनवर तू रडत होतीस म्हणून मी रायफलीचा विषय मुद्दामच टाळला. एका रात्रीत तीन कोकरं गेली की माणसाला सगळ्यात मोठी बंदूक हवीशी वाटते. मलाही वाटली होती. आता जरा शांत झाली असशील, तर ऐक.

ती कोकरं पुरण्याआधी एकदा नीट तपास. कातडं सोलून दातांच्या खुणांखाली रक्त साकळलंय का बघ. साकळलं असेल तर कोल्ह्याने जिवंतपणी धरलं होतं. नसेल तर ते आधीच गारठून मेलं किंवा आईने टाकलं, कोल्हा नंतर आला. खुरांवरचा मऊ पापुद्रा तसाच असेल तर ते पोर पायांवर उभंच राहिलेलं नाही. इथल्या हिवाळ्यात, जुलैच्या वाऱ्यापावसात, अशी पुष्कळ जातात आणि आळ कोल्ह्यावर येतो. हे आधी कळू दे, म्हणजे रायफल रागाच्या भरात घेतली जाणार नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते, अजून कुणाला फारशी सांगितलेली नाही. व्हिक्टोरियातला माझा दुसरा हिवाळा. घरात सशांसाठी ठेवलेली टू-टू रिमफायर रायफल होती, तीच घेऊन निघाले. कोल्ह्याची मादी शंभर मीटरच्या बरीच पुढे होती. चाप ओढला, ती किंचाळली, कोलमडली आणि उठून पळाली. टॉर्च घेऊन दीड तास हिंडले. रक्ताचे थेंब कुंपणापर्यंत होते, पुढे काही नाही. ऑगस्ट संपत आला होता, म्हणजे बिळात पिलं असणार. त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती लागू नये असंच मला आजही वाटतं. मारायचंच असेल तर त्या जिवाला कळायच्या आत सगळं संपलं पाहिजे. माझी कॅलिबरची निवड त्या एका मादीपासून सुरू होते.

टू-टूची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या घरात. पन्नास मीटरच्या आत, अगदी अचूक नेम असेल तरच तिचा विचार कर. शिवाय ती संथ, सहसा फुटत नाही, दगडावर किंवा ओल्या जमिनीवर आपटून भलतीकडे जाते. सेव्हन्टीन एचएमआर २००२ साली आली. ती झपाट्याने जाते, पण गोळी जेमतेम एक ग्रॅमची, वारा तिला सहज ढकलतो. तुझ्या माळावर वारा कधी थांबतो गं?

म्हणून टू-टू-थ्री. साडेतीन ग्रॅमची गोळी, सेकंदाला साधारण ९८० मीटर, आणि टू-टूच्या नऊ-दहापट ताकद. शंभर मीटरवर चारेक सेंटिमीटर वर बसवलीस की दोनशेला जवळपास नेमावर येते. कोल्हा म्हणजे चार ते आठ किलोचा जीव, छातीचं मर्मस्थान तळहाताएवढं. त्याला एवढी रायफल पुरून उरते. धक्का कमी बसतो, म्हणून तू चाप ओढताना डोळे मिटणार नाहीस, आणि हे मला ताकदीपेक्षा मोठं वाटतं. काडतुसं स्वस्त, कुठल्याही गावात मिळतात, म्हणजे सराव होईल. शेजारच्या आजोबांकडे जुनी ट्रिपल टू असेल तर तीही चालेल. १९५० पासूनची आहे, तीही गुणी.

तुझ्या नवऱ्याला टू-फॉर्टी-थ्री हवी आहे, पुढेमागे हरणासाठीही होईल म्हणून. त्याचं चूक नाही. पण आवाज आणि धक्का दोन्ही जास्त, आणि पहिली रायफल तीच असली तर तू ती हातात घ्यायचं टाळशील. ट्वेंटी-टू-टू-फिफ्टी आणखी वेगवान आहे. ती लांबच्या उघड्या माळांवर शोभते, तुझ्या दोनशे एकरांत नाही.

गोळी मात्र पातळ कवचाची, आत जाऊन फुटणारी घे. पूर्ण धातूच्या कवचाची आरपार जाते, कोल्हा जखमी होऊन पळतो आणि ती पुढे कुणाच्या गायीत शिरेल सांगता येत नाही.

रात्री दिव्यात डोळे चमकले म्हणून कधीच चाप ओढू नकोस. कोकरांचे, मांजराचे, तुझ्या स्वतःच्या केल्पी कुत्र्याचेही डोळे चमकतात. अख्खं अंग दिसलं पाहिजे, आणि त्याच्या मागे मातीचा चढ. टेकाडाच्या माथ्यावर आभाळापुढे उभा असलेला कोल्हा कितीही जवळ असो, सोडून दे. कोल्ह्याला बोलावायची टेंटरफील्डची शिट्टी वाजवायला शिक, तो आपणहून साठ-सत्तर मीटरपर्यंत येतो. मग लांबचा नेम साधायची वेळच फार येत नाही.

परवान्याचं लवकर बघ. रिमफायर ए वर्गात, सेंटरफायर, म्हणजे टू-टू-थ्रीही, बी वर्गात. तुझ्याकडे बी आहे ना, ते आधी तपास. पहिल्या बंदुकीच्या खरेदी-परवानगीला २८ दिवस थांबावं लागतं, तेवढ्यात तुझी निम्मी कोकरं जन्माला येतील.

आणि रायफलीवर सगळी भिस्त ठेवू नकोस. एक कोल्हा मेला की रिकाम्या जागी दुसरा येतो. शेजाऱ्यांबरोबर एकाच आठवड्यात विषारी आमिष टाकण्याबद्दल बोल. आपल्या धनगरांच्या वाघरीभोवती कुत्री असतात ना, तशी इथे मारेम्मा जातीची कुत्री ठेवतात. वॉर्नंबूलच्या मिडल आयलंडवरचे छोटे पेंग्विन कोल्ह्यांनी जवळजवळ संपवले होते, २००६ पासून ही कुत्री त्यांची राखण करू लागली. आईला हे सांगितलं तर म्हणाली, इंग्रजांनी शिकारीची हौस म्हणून कोल्हा तिकडे नेला आणि राखण कुत्र्यांच्या गळ्यात. त्या बिचाऱ्या कोल्ह्याचाही त्यात काय दोष, हे मला आजही वाटत राहतं.

रविवारी ये. माझी टू-टू-थ्री देते, आडवं पडून कागदावर वीस गोळ्या मार, पन्नासला, शंभरला, दीडशेला. खांद्याला काय वाटतं ते मला सांग, दुकानदाराला नंतर. येताना तुझ्या शेताचा नकाशा आण. कुठल्या पॅडकमध्ये मागे चढ आहे आणि कुठे शेजाऱ्याचं घर, ते लाल पेनाने भरून ठेवू.