संपाचा कायदा आणि आंतरराष्ट्रीय श्रममानके

कामगारांनी एकत्र येऊन काम थांबविणे हा गुन्हा ठरू शकतो काय? हा प्रश्न १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकाच्या निमित्ताने ऐरणीवर आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका अशी होती की, संप हा फार तर कराराचा भंग, म्हणजे दिवाणी स्वरूपाचा दोष होय. त्यासाठी कामगारास शिक्षा करणे म्हणजे त्याला इच्छेविरुद्ध राबविणे, आणि तीच गुलामगिरी. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने अन्य कामगार संघटनांसह एक दिवसाचा संप घडवून आणला. विधेयक मात्र संमत झाले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना १९१९ साली स्थापन झाली. भारत तिचा संस्थापक सदस्य आहे. संघटन स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा करार १९४८ चा, तर सामूहिक वाटाघाटींचा ९८ क्रमांकाचा करार १९४९ चा. ८७ व्या करारात 'संप' हा शब्द नाही. तथापि संघटनेच्या देखरेख समित्यांनी संपाचा हक्क संघटन स्वातंत्र्यातूनच उद्भवतो, असे मानले आहे. मालकवर्गाचे प्रतिनिधी हा अर्थ नाकारतात. म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनेने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपविण्याचा निर्णय घेतला.

या समित्यांच्या मते संपावर संपूर्ण बंदी काटेकोर अर्थाने अत्यावश्यक अशा सेवांपुरतीच असावी. म्हणजे ज्या बंद पडल्यास लोकांचे जीवित, सुरक्षितता किंवा आरोग्य धोक्यात येईल अशा सेवा. रुग्णालय, पाणी व वीजपुरवठा त्यात येतात. बँका सामान्यतः येत नाहीत. वाजवी पूर्वसूचना देण्यास आक्षेप नाही.

आता आपला कायदा पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात संपाची पूर्वसूचना केवळ लोकोपयोगी सेवांसाठी सक्तीची होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने चौदा दिवसांची सूचना सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केली. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही संपच. समेटाची कार्यवाही चालू असताना व नंतर सात दिवस, तसेच न्यायाधिकरणापुढील कार्यवाहीत व नंतर साठ दिवस संप निषिद्ध आहे. समेट फसल्यावर कोणताही एक पक्ष न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. म्हणजेच मालकाच्या एका अर्जाने संप बेकायदेशीर ठरू शकतो. बेकायदेशीर संपाबद्दल एक हजार ते दहा हजार रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कारावास, किंवा दोन्ही.

भारताने ८७ व ९८ हे करार अद्याप स्वीकारलेले नाहीत. सरकारी कर्मचाऱ्यांवरील निर्बंध हे त्याचे कारण सांगितले जाते. परंतु सक्तीच्या श्रमाच्या निर्मूलनाचा १०५ वा करार भारताने २००० साली स्वीकारला आहे. संपात भाग घेतल्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम लादू नयेत, असे तो बजावतो. कारावासाबरोबर सक्तमजुरी आली, तर हे वचन मोडते.

सुसंगतीसाठी तीन सुधारणा आवश्यक वाटतात. शांततापूर्ण संपासाठी कारावास नसावा. एकतर्फी अर्जाने संप रोखला जाऊ नये. आणि जेथे बंदी अपरिहार्य आहे, तेथे त्या कामगारांना त्वरित व निःपक्षपाती लवादाची हमी असावी. नकाराचा हक्क काढून घ्यावयाचा, तर न्यायाचा मार्ग खुला ठेवावाच लागतो. १९३८ च्या प्रश्नाचे उत्तर अद्याप पूर्णपणे दिले गेलेले नाही. श्रमिकांच्या घरांतून शिकून पुढे आलेल्या पिढीने तो प्रश्न अभ्यासपूर्वक विचारीत राहणे अगत्याचे आहे.