हप्त्यापायी नको

पालघर

चि. सौरभ,

काल बोईसर स्टेशनवर वरोरची एक बाई भेटली. म्हणाली, "भाचा शिक्षण सोडून बापाच्या दागिन्यांच्या डायच्या कारखान्यात बसला म्हणे, कर्ज काढून सीएनसी मशीन घेतलंय ना?" मला हे घरच्यांकडून नाही, डहाणू लोकलच्या गर्दीत कळावं? डिप्लोमाचं शेवटचं वर्ष उरलंय, ते पुरं करायला काय झालं होतं? आणि कर्ज कुणाच्या नावावर आहे?

दादाला फोन केला तर म्हणतो, "मी त्याला एका शब्दानेही सांगितलं नाही." अरे, तुझ्या आजोबांनी, आमच्या अप्पांनी तरी दादाला कुठे सांगितलं होतं? त्याच्या हाताला बसतील अशा छिन्न्या फक्त करून ठेवल्या. चिंचणी-वरोरकडे कित्येक डायमेकर असेच तयार झाले.

अप्पांच्या टेबलाशी मीही बसायचे. पोलादात नक्षी उलटी कोरायची, पानाची उजवीकडची शीर डावीकडे, हे मला दादाच्या आधी जमलं. पण झवेरी बाजारात मुलगी माल घेऊन कशी जाणार? मला एमआयडीसीत हिशेबाला बसवलं. अजून सोनाराकडे गेले की मी दागिना आधी पालथा करून बघते.

धंदा वाईट, असं नाही म्हणत. उधारी अडकली की दादा जेवताना बोलत नाही, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. ते पाहून काही मुलं अणुशक्ती केंद्रात नोकरी धरतात, काही तुझ्यासारखी ओझं उचलायला धावतात. ठरवतो मात्र बापाचा चेहराच. पण लक्ष्मणराव किर्लोस्कर बघ, वडिलांचा विरोध असताना चित्रकला शिकायला मुंबईला गेले. रंग नीट ओळखता येईनात, तेव्हा यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. पुढे त्यांच्या कारखान्यातून पुतण्या शंकररावांनी १९२० साली मासिक काढलं, आणि मुलगा शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून मगच धंद्यात आला. आपल्या घरात तुझं एक वर्ष मावत नाही?

खरं सांग, हप्त्यापायी तर नाही ना? मनापासून बसणार असशील तर मी आडवी येणार नाही. हात तुझा चांगलाच आहे, मखरावरची वेल पाहिली मी.

फार बोलले, रागावू नकोस. रविवारी ये, एकटाच. परीक्षेपर्यंतचे हप्ते माझ्या पीएफमधून जातील, दादाशी मी बोलते. फॉर्म भरला नसशील तर घेऊन ये, इथेच बसून भरू. आणि डोळ्यांत थेंब घालतोस ना रे? भरलेले बोंबील करून ठेवते.

तुझी,
आत्या