चिऱ्याच्या घरात मेश वायफाय

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचं चिऱ्याचं दुमजली घर आहे. राउटर ओटीवर आहे; स्वयंपाकघरात आणि माडीवर वायफाय मिळत नाही. तीन नगांचा मेश संच घ्यावा का?

उत्तर : आधी दोन पुरतात का, ते पाहावं.

जाड चिरा रेडिओलहरी शोषतो. त्यातही ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर ढेपाळते. बहुतेक जण दुसरा नग नेमका रेंज नसलेल्या खोलीत ठेवतात आणि मग संचाला नावं ठेवतात. त्याची जागा अलीकडे, सिग्नल अजून दमदार आहे तिथे. जिन्याच्या तोंडाशी, उदाहरणार्थ. ड्युअल-बँड संचात फोन आणि मुख्य नग, दोघांशीही बहुधा एकाच रेडिओवरून संवाद चालतो, म्हणून वेग निम्म्यापर्यंत घसरू शकतो. ट्राय-बँडमध्ये नगांच्या आपसातल्या संवादासाठी वेगळा पट्टा ठेवता येतो, पण त्यालाही चिरा आडवा येतोच.

अशा घरात खरा उपाय केबलचा. नग कॅट ६ केबलने जोडावेत. १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग मिळतो. मात्र पोर्ट तपासावेत : टीपी-लिंकच्या डेको ई४चे १०० एमबीपीएसचे, एम४चे गिगाबिट. प्लॅनच १०० एमबीपीएसचा असेल, तर वायफाय ७चा संच ही निव्वळ हौस.

इंटरनेट कंपनीचा राउटर राहणारच असेल, तर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर चालवावा आणि जुन्या राउटरचं वायफाय बंद करावं.